आमच्या ओपीडीतल्या प्रश्नांचं उत्तर कोण शोधणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, साधा फॅमिली डॉक्टर. कोविडपासून एक गोष्ट मनाला लागून राहिलीये, आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांना स्वतःच्या पेशंटवरचे प्रश्न घेऊन संशोधन करायला वाटच नाही, ती लिहितो.

२०२० च्या पावसाळ्यात ताप-खोकल्याचा जो येईल त्याला मी अझिथ्रोमायसिन नाहीतर डॉक्सी (दोन्ही अँटिबायोटिक गोळ्या) लिहून देत होतो, आजूबाजूचे सगळेच देत होते, आणि त्याने खरंच फरक पडतो का हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठवाल्यांनी 'प्रिन्सिपल' नावाची ट्रायल, म्हणजे औषधांची पद्धतशीर चाचणी, काढली, ती पण फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटवर, घरीच उपचार घेणाऱ्या वयस्कर लोकांवर. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की घरच्या पेशंटला या दोन्ही गोळ्यांचा उपयोग नाही. पुढे त्याच ट्रायलमधून कळलं की ब्युडेसोनाइडचा (दम्यावरचं औषध) इनहेलर घेतला तर पेशंट साधारण तीन दिवस लवकर बरा होतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली तेव्हाही चिठ्ठीवर अझिथ्रो होतीच. माझ्याही चिठ्ठीवर होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पेशंट आमच्याकडे काय कमी होते का साहेब? प्रश्न पण तेच होते. फक्त तो प्रश्न घेऊन जायचं कुणाकडे हे माहीत नव्हतं.

आणि आपल्या मातीत हे होत नाही असंही नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून फुफ्फुसात पाणी भरायचं आणि धडधाकट माणसं, लेकरं जायची. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि बीपीसाठी वापरायचं प्राझोसिन विंचूदंशावर चालतं हे दाखवून दिलं. २०११ मध्ये त्यांची ट्रायल बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, ७० पेशंटची, महाडलाच केलेली. पण हे सगळं त्यांनी स्वतःच्या बळावर ओढलं, तेवढी ताकद प्रत्येकात नसते हो.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर गेल्या की पाच-सहा महिने लोकांची बीपीची गोळी सुटते, परत येतात तेव्हा लकव्याने कुणाचा हात-पाय गेलेला असतो. निघतानाच तीन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या आणि मुकादमाच्या फोनवर दर पंधरा दिवसांनी चौकशी केली तर फरक पडेल का, एवढंच बघायचंय. याचा दोन पानांचा प्रस्ताव लिहून एका एथिक्स कमिटीकडे (पेशंटवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) गेलो तर पहिलाच प्रश्न, तुमची संस्था कुठली? संस्था म्हणजे माझा दवाखाना, दोन खोल्या आणि एक कंपाउंडर. पानं न वाचताच परत आली. उद्या एखाद्या औषधाची ट्रायल करायची म्हटलं तर केंद्राच्या २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे कमिटी त्याच शहरातली किंवा ५० किमीच्या आतली लागते, आमच्यासारख्या तालुक्यांनी ती आणायची कुठून?

नियम ढिले करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पेशंटची संमती, सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी (ती फुकट होते हे कळायलाच मला वर्ष लागलं), सगळं हवंच, उलट एकट्या डॉक्टरवर नजर जास्त हवी. मागणी एवढीच की सरकारी मेडिकल कॉलेजांच्या कमिट्यांनी फॅमिली डॉक्टरांचे प्रस्ताव पण घ्यावेत, महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठेवावा, आणि आकडेमोड समजणारा एक माणूस आम्हाला फोनवर मिळावा. ५० किमीचं तेवढं दिल्लीला तुम्हीच सांगू शकता.

टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतील. त्याआधी कुणी ती दोन पानं वाचली तर याच हंगामात काम सुरू करता येईल, ६२ पेशंटची यादी माझ्याकडे तयार आहे.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, जि. बीड