गळके छप्पर पट मोजत नाही

संपादक महोदय,

प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे सारखीच रक्कम द्या, म्हणजे वशिलेबाजी संपेल, असे वारंवार ऐकू येते. मी बरीच वर्षे मुख्याध्यापक होतो, शाळेची कीर्द स्वतः लिहिली आहे. वशिल्याचे मान्य, पण हिशेब इतका सरळ बसत नाही.

पट ६० वरून ५४ झाला की अनुदान दहा टक्क्यांनी उतरते. खर्च उतरत नाही. गेलेली सहा मुले एकाच वर्गातली नसतात. पहिलीतले एक, तिसरीतली दोन, अशी विखुरलेली. त्यामुळे ना वर्ग कमी होतो ना शिक्षक, आणि छप्पर गळायचे तेवढे गळतेच. मग कात्री लागते ती पुस्तकांना आणि नळदुरुस्तीला. दुरुस्ती रखडली की आणखी दोन पालक दाखला मागायला येतात. लहान शाळा अशा बंद पडतात, आणि शेरा पडतो 'पटाअभावी'.

म्हणून पटाशी संबंध नसलेली ठरावीक रक्कम प्रत्येक शाळेला आधी मिळावी, बाकीची पटावर. इंग्लंडच्या सूत्रात अशी एकरकमी तरतूद आहे. विरळ वस्तीतल्या लहान शाळांना वर थोडे जादाही मिळते.

शिवाय सगळी मुले सारखी मोजून चालत नाही. नेदरलँड्सने १९८५ मध्ये मुलांना 'वजन' दिले. कमी शिकलेल्या पालकांचे मूल १.२५ धरायचे, पालक स्थलांतरितही असतील तर १.९. घरी अभ्यास घेणारे कोणी नसेल, तर ते तास शाळेलाच द्यावे लागतात!

मात्र गरज ठरवायची कशी, इथे गाडी अडते. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब मुलांमागे शाळेला जादा निधी मिळतो, तो मुख्यतः मोफत जेवणासाठी झालेल्या नोंदीवरून. २०१२ पासून मागच्या सहा वर्षांतली नोंदही धरतात, हे बरे झाले. पण ज्यांनी कधी अर्जच केला नाही, त्यांचे काय? असे पालक मी टेबलापलीकडे पाहिले आहेत. उत्पन्नाचा रकाना आला की पेन खाली ठेवायचे, 'घरी विचारून सांगतो, सर' म्हणायचे. तो अर्ज परत येत नसे. सरकारी दप्तरात जी माहिती आधीच आहे, तिच्यावरून परस्पर नोंद करावी.

आणि कोणत्या शाळेला कशासाठी किती मिळाले, तो कागद प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लावावा. वशिला शोधायचा तर तिथे सापडेल.

– एक निवृत्त मुख्याध्यापक