बॅकअप झाला, की नुसती फाइल झाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सच्या वर्गांत बरेचदा कमांड पाठ करून घेतात. तीच कमांड रात्री दोन वाजता, समोर कुणी नसताना, कशी फसते हे राहून जाते.

रोजचा डेटाबेस बॅकअप घ्या. डेटाबेसची प्रत (डम्प) काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पचे आउटपुट पाइपने, म्हणजे थेट जोडून, ते दाबून लहान करणाऱ्या जीझिपला दिले आणि ती ओळ क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत टाकली, की काम झाले असे वाटते. पण ही यादी चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो. टर्मिनलवर सापडणारी कमांड तिथे सापडेलच असे नाही. म्हणून कमांडचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरसकट पत्ता लिहावा. फाइलच्या नावात घालायच्या तारखेच्या फॉरमॅटमधले टक्क्याचे चिन्ह क्रॉनटॅबमध्ये नवी ओळ ठरते. त्यामुळे आधी बॅकस्लॅश द्यावा, किंवा सरळ सगळे स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडच्या वेगळ्या फाइलमध्ये न्यावे.

खरी मेख पुढे आहे. पासवर्ड बदलला आणि डम्प फसला, तरी जीझिप रिकाम्या इनपुटची २० बाइटची फाइल इमाने इतबारे बनवतो. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरत असल्याने स्क्रिप्ट 'यशस्वी' म्हणते. जीझिपची तपासणीही ही फाइल पास करते! उपाय एका ओळीचा: बॅश (कमांड चालवणारा शेल) स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ईओ पाइपफेल'. मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली, तर स्क्रिप्ट तिथेच 'अयशस्वी' म्हणून थांबते. शिवाय फाइल उलगडून शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' ही ओळ आहे का, ते पाहावे. त्यानंतरच जुने बॅकअप पुसावेत.

आणि महिन्यातून एकदा तरी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहावा. कंटाळवाणे काम आहे, पण अभ्यासक्रमात याला एक पूर्ण प्रात्यक्षिक द्यायला हवे.

– एक सर्व्हर प्रशासक, पुणे