नळ्या जोडण्यापूर्वी

लातूर

प्रिय विष्णू,
सप्रेम नमस्कार.

पोराला जाऊन अजून वर्ष झालेले नाही आणि वहिनींनी पुन्हा मूल व्हावे अशी इच्छा तुझ्याजवळ बोलून दाखवली, हे वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसलो. आम्ही दोघे याच वाटेने गेलो आहोत, म्हणून ठाऊक आहे ते मोकळेपणाने लिहितो.

सर्वांत आधी वहिनींच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा जुना कागद शोध; तेव्हा बंद केलेल्या गर्भनळ्या पुन्हा जोडता येतील का, हे त्यावरून कळते. हिचे ऑपरेशन नेमके कसे झाले हे आम्हाला सांगता येईना. शेवटी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत तो पिवळा पडलेला कागद सापडला, तेव्हा ते बिनटाक्याचे, म्हणजे दुर्बिणीतून नळीवर रिंग टाकून केलेले होते, असे कळले. रिंगेने नळीचा थोडाच भाग निकामी होतो, त्यामुळे ती जोडायला सोपी. कापून बांधलेली असेल तर किती तुकडा गेला त्यावर सारे अवलंबून असते. जोडल्यावर नळी निदान 4 सेंटिमीटर उरावी, असे डॉक्टर पाहतात.

वहिनींना 36 वे लागले आहे, तेव्हा आई दिवाळीपर्यंत थांबा म्हणत असल्या तरी थांबू नकोस. पस्तिशीनंतर स्त्रीबीजे झपाट्याने कमी होतात. तुझी वीर्यतपासणीही आधीच करून घे. आमच्याकडे साऱ्या तपासण्या हिच्याच झाल्या, माझी मी टाळत राहिलो आणि त्यात चार महिने गेले, याची मला आजही खंत वाटते.

आणखी एक गोष्ट वहिनींना नीट समजावून सांग. जोडलेल्या नळीतच गर्भ अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना दाखवून ते सांगतील तेव्हा सोनोग्राफी करावी, आणि पोटात एका बाजूला कळ येऊन चक्कर आली तर सकाळची वाट पाहू नये. हिच्या बाबतीत तेच झाले. मध्यरात्री जीप करून न्यावे लागले, जीव वाचला, पण ती नळी काढावी लागली.

टेस्ट ट्यूब बेबीला नळ्या जोडाव्या लागत नाहीत, मात्र खर्च मोठा आणि एका खेपेत यश येईलच असे नाही. आम्ही पुढे दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवले. हे लिहीत असताना आमची मुक्ता माझ्या पेनाचे टोपण चावत बसली आहे.

पुन्हा ऑपरेशन सोसण्याची वहिनींची तयारी आहे का, हे त्यांना एकट्यात विचार. हो म्हणाल्या तर सोमवारी कागद घेऊन दोघे या. शासकीय रुग्णालयाच्या सकाळच्या ओपीडीत मी बरोबर येतो. तिथे काम झाले नाही तर संभाजीनगरला घाटी रुग्णालयात विचारू.

तुझा,
भास्कर