एसीचा गॅस दरवर्षी का संपावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऋतू बदलू लागला की एसीच्या देखभालीबद्दल सल्ले छापून येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : 'सर्व्हिसिंगच्या वेळी गॅस टॉप-अप करून घ्या.' हा सल्ला चुकीचा आहे आणि तो छापणे थांबावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो; आतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती सोडतो. सांधे आणि नळ्या शाबूत असतील तर यंत्र मोडीत निघेपर्यंत पहिल्याच दिवशीचा गॅस पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने बाहेर जाणार.

शिवाय 'गॅस कमी झालाय' असे वाटते तेव्हा पुष्कळदा खरा दोष हवेच्या वाटेत असतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा : आधी हवा, मग तापमान, आणि गॅसची शंका सगळ्यांत शेवटी.

इनडोअर युनिटची जाळी रोजच्या वापरात दर दोन आठवड्यांनी धुवावी. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, नाहीतर प्लॅस्टिकची चौकट वाकते. जाळी सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावी. जाळीमागच्या कॉइलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्सवर (पत्र्याच्या पट्ट्यांवर) आणि त्यामागच्या लांबट ब्लोअरवर (हवा फेकणाऱ्या पंख्यावर) साचणारी धूळ मात्र घरच्या घरी निघत नाही. ब्लोअरच्या पात्यांचा बाक धुळीने भरला की मोटर पूर्ण वेगाने फिरते, आवाजही येतो, पण हवा फेकली जात नाही. हे काम वर्षातून एकदा पाण्याच्या जेट पंपाने, खाली पिशवी बांधून आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) नीट झाकून करून घ्यावे. फवारा फिन्सना सरळ लागला पाहिजे. तिरका लागला तर फिन्स आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. अ‍ॅसिडयुक्त क्लीनरने कॉइल चकचकीत दिसते, पण तो क्लीनर अ‍ॅल्युमिनियम खातो आणि पुढच्या गळतीची सुरुवात तिथेच होते. तो वापरू देऊ नये.

आउटडोअर युनिटची कॉइल शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने धुवावी, कारण घाण बाहेरच्या बाजूने बसलेली असते. युनिटसमोर कुंड्या किंवा वाळत घातलेले कपडे असतील, तर बाहेर फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. मग कॉम्प्रेसरवरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपावरचा) दाब वाढतो, वीज जास्त लागते आणि खोली उशिरा थंड होते.

स्वच्छता झाली की मोजमाप. खिडक्या-दारे बंद करून यंत्र 'कूल'वर, पंखा सर्वांत जास्त वेगावर आणि सेटिंग सर्वांत कमी तापमानावर ठेवून 15 ते 20 मिनिटे चालवावे. इन्व्हर्टर एसीत (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो) सेटिंग खाली आणणे आवश्यकच, नाहीतर कॉम्प्रेसर मंद गतीवर राहतो आणि आकडा फसवा येतो. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजावे. दोन्हींत 8 ते 12 अंश सेल्सियस फरक असेल तर गॅसला हात लावण्याचे कारण नाही. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, कारण बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात जाते. फरक 14 च्या वर गेला तर हवा कमी वाहते आहे. यंत्र स्वच्छ आहे, हवा कोरडी आहे आणि तरी फरक 8 च्या खाली आहे, तेव्हाच गळतीची शंका घ्यावी.

बर्फ कुठे जमतो तेही पाहावे. सबंध कॉइलवर बर्फ म्हणजे बहुधा हवा अडलेली. गॅस जिथून शिरतो तेवढ्याच वेटोळ्यांवर बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी, म्हणजे बहुधा गॅस कमी. बर्फ खरवडू नये. नुसता पंखा चालू ठेवून तो वितळू द्यावा.

नीट चालणाऱ्या यंत्राला 'सहज बघू' म्हणून गेज (गॅसचा दाब मोजणारे घड्याळ) लावू देणेही योग्य नाही. दर वेळी गेजची होज (नळी) जोडता-काढताना थोडा गॅस निसटतो. इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरच्या वेगानुसार दाब सतत बदलत असल्याने नुसत्या गेजवरून गॅस किती आहे हे कळतही नाही.

गळती खरोखर असेल तर काम असे व्हायला हवे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, म्हणून तेलकट, धूळ चिकटलेला डाग आधी शोधावा. पहिला संशय फ्लेअर नटवर, म्हणजे नळीचे फुलवलेले तोंड आवळून धरणाऱ्या नटवर. पाव इंची नळीचा नट साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा असतो. पान्याला जोर लावून जास्त आवळला तर नळीचे फुलवलेले तोंड चिरते. मग उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, कोरडा नायट्रोजन यंत्रासाठी ठरवून दिलेल्या दाबापर्यंत भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही भरू नये. नळीतल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो आणि त्यात माणसे दगावतात. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने 500 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे उरलेल्या दाबाचे माप) निर्वात करून, पंप बंद केल्यावर आकडा चढत नाही याची 10 मिनिटे खात्री करावी. पंप न लावता गॅसच्याच जोराने आतली हवा बाहेर ढकलली, तर ओल आत राहते, तेलाशी मिळून आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरच्या मोटरचे वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जाळते. शेवटी गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरावा. आर-410ए हा एसीचा गॅस दोन गॅसांचे मिश्रण असल्याने तो द्रवरूपातच भरायचा असतो. लांब नळीसाठी अधिक किती लागेल, तेही माहितीपुस्तिकेत मीटरमागे दिलेले असते.

ड्रेनसाठी (इनडोअर युनिटमधले पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपसाठी) एक चाचणी पुरते : युनिटच्या पाणी साठणाऱ्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी ओतावे, ते न थांबता बाहेर आले पाहिजे. पाइपला वाटेत कुठेही चढ नको आणि त्याचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नको.

हॉट अँड कोल्ड एसी थंडी सुरू होण्याआधी 'हीट'वर चालवून पाहावा. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारी झडप) अर्धवट अडकला तर ना धड ऊब मिळते ना गारवा. कडाक्याच्या थंडीत मधूनच इनडोअर पंखा थांबतो, फुस्स आवाज येतो, बाहेर वाफ दिसते. तो बिघाड समजू नये. बाहेरच्या कॉइलवरचे हिम वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे स्वतःहून उलटे चालते. त्या वितळलेल्या पाण्यासाठी आउटडोअर युनिटच्या तळाची भोके मात्र मोकळी हवीत. ती बुजली तर साचलेला बर्फ पंख्याला भिडतो.

विजेच्या बाजूला सैल टर्मिनल हा सर्वांत सामान्य आणि धोकादायक दोष आहे. वायरचे आवरण काळवंडलेले दिसले तर यंत्र चालवू नये. साध्या एसीचा 40 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (मोटर चालवण्यासाठी वीज साठवणारा भाग) 38 च्या खाली मोजला गेला तर बदलावा. एमसीबी पाडल्यावरही कपॅसिटरमध्ये आणि इन्व्हर्टरच्या पीसीबीत विजेचा भार उरतो, म्हणून किमान 10 मिनिटे झाकण उघडू नये.

आणि एक गोष्ट मुद्दाम. जुन्या आर-22 गॅसच्या यंत्रात आर-32 किंवा आर-290 हे वेगळे गॅस भरून देतो, असे कोणी म्हटले तर साफ नकार द्यावा. आर-32 चा दाब आर-22 च्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो, तो जुन्या कॉइलला पेलणारा नाही. आर-290 म्हणजे प्रोपेन, ठिणगीने पेट घेणारा. आर-22 च्या यंत्रातली विजेची जोडणी त्याचा विचार करून केलेलीच नसते.

आपला,
वातानुकूलन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक