ठसा वाचवणाऱ्या निदेशक सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या फोनवर पाठवता आलं असतं. उघड लिहिते आहे, कारण दिग्रस, पुसद, दारव्हा, मानोरा या यवतमाळ-वाशिमच्या पट्ट्यातल्या कितीतरी सोनारांच्या घरी दागिन्यांची नक्षी उठवायचे जुने ठसे पोत्यात पडून आहेत. भंगारवाला दारात आला की ते काशाच्या भावानं वजनावर जातात. त्याच तालुक्यांत आयटीआय आहेत, तिथे फिटर ट्रेड शिकवणारे निदेशक आहेत, आणि या दोघांची आयुष्यभर गाठ पडत नाही. आपली पडली. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणता, "मी काय केलं? मापं तर घेतली." म्हणून त्या मापांनी काय झालं ते सविस्तर लिहिते.

आमचं घर मुळात सोन्याचं काम करणारं. डोरलं, गरसोळी, एकदाणी, पुतळ्यांची माळ. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटपेक्षा चोख सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेटचं डोरलं आमच्याकडे कोण करून घेणार? पुढे 1968 चा कायदा आला, तो थेट 1990 मध्ये रद्द झाला. एवढ्या काळात आमच्या ओळखीतले कुणी सोनार सालदार म्हणून राहिले, कुणी सायकलीचं दुकान टाकलं. आजोबा चांदीकडे वळले. चांदीला बंदी नव्हती, आणि आमच्या चारी बाजूंना बंजाऱ्यांचे तांडे होते. लग्न झालेल्या बाईच्या केसांत टोपली आणि घुगरी हे चांदीचे दागिने हवेतच, गळ्यात हासली हवीच. त्या कामासाठी आजोबांनी काशाचे ठसे जमवले, जे मिळाले नाहीत ते स्वतः कोरले. त्या ठशांवर आमचं घर चाललं, बाबांचं शिक्षण झालं, माझंही.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चांदीचा पातळ पत्रा आधी तावून मऊ करायचा. तो ठशावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा धरायचा आणि हातोडीनं ठोकायचं. शिसं मऊ असल्यामुळे ते पत्र्याला नक्षीच्या तळापर्यंत दाबत नेतं, पण फाडत नाही. मग अर्धे भाग कातरून, कडा कानसून, टाकणखार लावून, डाखानं म्हणजे सांध्यात वितळवायच्या मिश्रधातूनं झाळायचे. हे सगळं हातानं होतं, पण हात ज्याच्यावर टेकतो तो ठसा असतो. आणि कासं झालं तरी ते शेवटी झिजतंच. आमच्या टोपलीच्या ठशातल्या पाकळ्यांच्या कडा बसल्या होत्या, बारीक दाणे तर दिसेनासे झाले होते. बाबा पत्रा ठोकून काढायचे आणि नंतर प्रत्येक दाणा कलमेनं, म्हणजे बारीक छिन्नीनं उठवायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा तेही थांबलं.

त्याच दिवसांत गिऱ्हाईक फोन पुढे करायला लागलं. "असं पायजे." फोटोत मशीनवरचं काम असतं. कॉम्प्युटरवर चित्र काढतात, थ्रीडी प्रिंटरवर त्याचा मेणाचा नमुना निघतो, त्यावरून साचा आणि ओतकाम, आणि हवे तितके नग एकसारखे. तो माल वाईट असतो असं मी म्हणत नाही, त्यामागेही कष्टाचे हात असतात. त्रास वेगळाच आहे. वजन कमी ठेवण्यासाठी दागिना इतका पातळ केलेला असतो की तुटल्यावर सांधायला जोत धरली की तो वितळून बसतोच. तुटलेला दागिना घेऊन बाई मात्र गावच्या सोनाराकडेच येते, राजकोटच्या कारखान्यात जात नाही. त्यात भाव असे चढले. 2025 च्या एप्रिलमध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला, चांदीही त्याच वर्षी किलोला लाखाच्या बरीच पुढे गेली. भाव वाढला की सासूची हासली मोडीत निघते. मोडीत आलेला दागिना मुशीत टाकताना काय वाटतं हे सोनारालाच ठाऊक. वितळला की त्यावरचं काम कुठल्याच तराजूत मोजलं जात नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते तुमच्या घरच्या काकूंच्या तोरडीचा अडकवणीचा आकडा तुटला म्हणून. तोरडी माझ्या हातात होती आणि तुमचं लक्ष खिडकीतल्या ठशावर. लोक ठसा पाहिला की दोन प्रश्न विचारतात, किती जुना आणि कितीला देता. तुम्ही विचारलंत, "हा खोदला कशानं?" बाबा म्हणाले, "माह्या बापानं खोदला. काय पाह्यता त्याच्यात?" तुम्ही म्हणालात की खोली पाहतो आहे, इतक्या छोट्या जागेत तळ इतका साफ कसा ठेवला ते पाहतो आहे. बाबांशी त्यांच्या बापाच्या हातकामावर असं कोणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

नवा ठसा करता येईल असं तुम्ही सुचवलंत तेव्हा बाबांनी ठसा घराबाहेर द्यायला नकार दिला. साहजिक होतं. सोनाराचा ठसा दुसऱ्याच्या दुकानात गेला की त्याची नक्कल फिरते, हे त्यांनी पाहिलं आहे. तुम्ही वाद घातला नाही. "मग मीच इथं येत जातो," एवढंच म्हणालात, आणि शनिवारी व्हर्नियर, खोली मोजायचा डेप्थ गेज अशी मापाची अवजारं आणि वही घेऊन आमच्या पडवीत बसायला लागलात. सर, पहिला आभार या गोष्टीचा. काम तुमच्याकडे नेणं सोपं होतं. तुम्ही कामापाशी आलात.

मापं घेताना तुमच्या लक्षात आलं की टोपलीच्या पाकळ्या सारख्या नाहीत, खालच्या अंगाच्या जास्त खोल आहेत. तुम्ही बाबांना विचारलंत, "हे हात चुकल्यामुळे की मुद्दाम?" बाबांनी सांगितलं ते मलाही नवीन होतं. टोपली केसांत अडकवली की खालच्या अंगावर ओढणी घासते, तिथली नक्षी आधी झिजते. म्हणून आजोबा त्या पाकळ्या मुळातच उंच उठतील अशा खोल खोदत. तुम्ही वहीत प्रत्येक पाकळीची खोली वेगळी लिहिलीत आणि समोर कारणही लिहिलंत. आमच्या घराण्याचं हे ज्ञान त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आलं.

एमआयडीसीतल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यानं त्या मापांवरून कॉम्प्युटरवर चित्र केलं आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, टूल स्टीलचा ठसा काढला. दिसायला देखणा होता. पण चित्र करताना त्यानं पाकळ्या सारख्या करून टाकल्या होत्या आणि कडा धारदार ठेवल्या होत्या. पत्रा ठोकला की कडेलाच फाटायचा. मला वाटलं, विषय संपला, तुम्ही म्हणाल पत्रा जाड घे. तुम्ही फाटलेला पत्रा भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलात आणि मला विचारलंत, "कड किती गोल हवी?" मी म्हटलं, आकड्यात सांगता येणार नाही, बोट फिरवलं की कळतं. यावर दुसरा कोणी हसला असता. तुम्ही विद्यार्थ्याला फोन लावून सांगितलंत, "खोल्या मूळच्या ठेव, कुठंही सारखं करू नकोस, आणि वरून तीन दशांश मिलिमीटर माल शिल्लक सोड. शेवटचा हात तिचा आहे."

हे वाक्य मला कायमचं उपयोगी पडलं आहे. हातकाम की मशीन, असा प्रश्न मला सतत विचारतात, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकाचा विजय ऐकायचा असतो. मशीननं कुठंवर यायचं आणि कुठं थांबायचं हे ते काम रोज करणाऱ्यानं ठरवावं, असं मला आता ठामपणे वाटतं. अवजार मशीननं करून दिलं तर माझा हात मोकळा होतो. दागिना मात्र मी करते, कारण त्याची कड कुठे टोचते, सांधा कुठे ताण घेतो, तुटल्यावर कुठून उघडावा लागेल, हे माझ्या हाताला माहीत आहे. शिल्लक ठेवलेल्या त्या तीन दशांशात मी कलमेनं कडा गोल केल्या, दाणे नीट केले, बाबांनी बोट फिरवून फिरवून पाहिलं.

मग ठशाला पाणी द्यायचं, म्हणजे त्याचं पोलाद कडक करायचं होतं. तेही तुम्ही आमच्याच भट्टीवर केलंत. लाल झालेलं पोलाद तेलात बुडवलंत, घासून उजळ केलंत, आणि पुन्हा मंद तापवताना मला म्हणालात, गव्हाळ पिवळा रंग आला की सांग. सर, तापलेल्या धातूचा रंग ओळखायला मला वेगळं शिकावं लागलं नाही, डाख वितळताना मी लहानपणापासून तेच पाहत आले. मी "बस" म्हटलं आणि तुम्ही लगेच उचललंत, स्वतः खात्री करायला थांबला नाहीत. या धंद्यात बाई बसलेली दिसली की लोक आत डोकावून विचारतात, "बाबा नाहीत का?" त्यामुळे तुमचं ते उचलणं मला फार मोठं वाटतं.

आमच्या फुफ्फुसांबद्दलही आभार मानायला हवेत. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं होतंत की धूर कुठून बाहेर जातो. सोन्याच्या झाळकामात वर्षानुवर्षं केडीएम चाललं, म्हणजे डाखात कॅडमियम. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, सोनं वितळतं 1064 ला. म्हणजे सांधा झाळताना त्याची वाफ होणारच, आणि फुंकणी तोंडात धरून जोतीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत ती जाणारच. बाबांचा खोकला आम्ही सगळ्यांनी वयाच्या खात्यात टाकला होता. तुम्ही खिडकीत जुना एक्झॉस्ट पंखा बसवून दिलात, आणि कॅडमियमचा डाख आमच्या घरात पुन्हा आला नाही. इतर सोनारांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा ही विनंती.

कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेचं तर गावात कोणाला धड माहीत नव्हतं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेच्या 18 व्यवसायांत सोनार आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात, कर्ज 5 टक्के व्याजानं मिळतं, हे तुम्ही सांगितलंत. एका कुटुंबातून एकाचीच नोंदणी होते हे कळल्यावर मी बाबांचंच नाव धरून चालले होते. तुम्ही बाबांकडे वळून विचारलंत, "आता काम कोण करतं?" बाबांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "तिचं लिवा." ग्रामपंचायतीच्या पडताळणीत माझ्या नावापुढे "सोनार काम" असं लागलं. त्या कागदाची झेरॉक्स बाबांनी देवघरातल्या डब्यात ठेवली आहे, मला न विचारता.

नव्या ठशावरची पहिली जोडी तांड्यावरच्या एका आजींनी घेतली. त्यांनी ती स्वतःच्या जुन्या टोपलीशेजारी ठेवली, अंगठ्यानं दाबून पाहिली, घुगरी कानाशी हलवली, आणि मग घडणावळीवर घासाघीस सुरू केली. घासाघीस सुरू झाली म्हणजे माल पसंत पडला. त्यांच्या नात्यातले लोक तेलंगणात आहेत, आता तिकडूनही फोनवर विचारणा येते. तिथेही तुमचाच नियम मी पाळते: फोटोत दागिन्याशेजारी फूटपट्टी हवी, एक फोटो वजनकाट्यावर ठेवून हवा, पत्र्याची जाडी लिहिलेली हवी. चित्रातला दागिना आणि हातात आलेला दागिना यांत फरक पडला की विश्वास जातो, आणि गावातल्या सोनाराजवळ विश्वासाशिवाय दुसरं भांडवल नसतं. चांदी किती टंचाची, म्हणजे किती शुद्ध आहे तेही बिलावर लिहिते. बाबांच्या काळी त्यांचा शब्द पुरायचा. दूरच्या माणसाला बाबा माहीत नाहीत, त्याला लिहिलेलं हवं, आणि तो बरोबरच आहे.

काम अजून थोडंच आहे, हेही खरं सांगते. पीक हाती आलं की आमच्याकडे लग्नं निघतात, कापसाचे पैसे आले की दुकान चालतं, नाही आले की भट्टी थंड. ठसा नवा झाला म्हणून ते बदलत नाही. पण गिऱ्हाईक दारात आलं तर "आता ते होत नाही" असं म्हणून परत पाठवण्याची वेळ माझ्यावर येत नाही, आणि ती बाबांवर अनेकदा आली होती.

आता मुद्द्याचं. तुमची वही माझ्याकडे आहे आणि तिची पानं अजून रिकामी आहेत. गरसोळीच्या वाट्यांचा ठसा बाबांनी आजवर कोणालाच दाखवला नव्हता. परवा त्यांनी तो माळ्यावरून स्वतः उतरवला, चिंचेच्या पाण्यानं घासला, आणि तुम्हाला कळवायला सांगितलं. पलीकडच्या गावातले एक वयस्क सोनारही त्यांचा पुतळीचा ठसा घेऊन येणार आहेत, त्याची एक कड तडकली आहे. दिवाळीनंतरच्या शनिवारी काकूंना घेऊन या. डेप्थ गेज विसरू नका, वाटीची खोली तुमच्या व्हर्नियरला लागत नाही.

आपली कृतज्ञ,
दिग्रस तालुक्यातली एक सोनारीण