लावणीच्या चिखलातले पाय आणि नर्सिंगचे संशोधन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की वर्तमानपत्रांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) बातम्या सुरू होतात आणि मधुमेहावरचे लेख येतात ते 14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी. कोकणात मात्र हे दोन आजार एकाच पायात भेटतात. लेप्टोस्पायराचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात उतरतात. तिथून ते चिरलेल्या किंवा तासन्‌तास भिजून मऊ पडलेल्या कातडीवाटे शरीरात जातात. ज्याच्या पायाची जाणीव मधुमेहाने गेली आहे, त्याला आपला पाय चिरला हेच कळत नाही. त्यातून लेप्टो झाला तर मूत्रपिंडावर घाला येऊ शकतो आणि जुन्या मधुमेहात ते आधीच कमकुवत झालेले असू शकते.

या दुव्यावर सर्वांत जवळून काम करू शकतात त्या उपकेंद्रातल्या परिचारिका. पण आपल्याकडच्या नर्सिंग प्रबंधांचा साचा ठरून गेला आहे. पन्नास-साठ माणसे निवडायची, प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते लावून माहिती द्यायची, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची आणि ‘ज्ञानात लक्षणीय वाढ’ असा निष्कर्ष काढायचा. सात दिवसांपूर्वी सांगितलेले माणसाला आठवते, एवढेच त्यातून सिद्ध होते. पायाच्या जखमा कमी झाल्या का, गोळी खरोखर पोटात गेली का, हे कोणी मोजतच नाही.

गोळीचेच पाहा. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी चिखलात काम करणाऱ्या प्रौढांना डॉक्सिसायक्लिन 200 मि.ग्रॅ., म्हणजे 100 च्या दोन कॅप्सूल, आठवड्यातून एकदा देतात. हे सहा आठवड्यांपेक्षा लांबवायचे नसते. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांवर झालेल्या, 1984 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 20 जणांना लेप्टो झाला, तर डॉक्सी घेणाऱ्यांपैकी एकालाच. अंदमानात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे उत्तर वेगळे होते. तिथे जंतूंचा शिरकाव फारसा थांबला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण घटले. सैनिक थोडे दिवस जंगलात राहून परततो, शेतकरी वर्षानुवर्षे त्याच पाण्यात असतो. आपल्याला अंदमानच जवळचे. म्हणून ‘गोळी घेतली, आता काही होत नाही’ हा समज धोक्याचा आहे. आठवड्याच्या या डोसाने मलेरिया टळत नाही आणि डेंग्यूशी तर गोळीचा संबंधच नाही.

गोळी फसते ती वाटपानंतर. गोळ्यांची पट्टी घरी दिली की पहाटे तरवा (भाताची रोपे) काढायला निघताना उपाशीपोटी, घोटभर पाण्यावर ती गिळली जाते. मग मळमळते आणि दुसऱ्या आठवड्याची गोळी फळीवरच राहते. कोणी रात्री झोपताना कोरडीच गिळतो. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथे व्रण पडतो आणि दोन दिवस घास उतरत नाही. जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवे व्हायचे नाही, एवढे सांगितले आणि पाहिले तर निम्म्या तक्रारी संपतील. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि आठ वर्षांखालची मुले यांना ती द्यायची नाही.

आणखी एक गाठ आपणच मारून ठेवतो. बायकांच्या लोहाच्या गोळ्याही आशाताईच्याच पिशवीतून जातात. लोह आणि डॉक्सी पोटात एकत्र आले की एकमेकांना बांधून घेतात आणि डॉक्सी पुरेशी रक्तात जात नाही. काही तासांच्या अंतराने लोह घेतले तरीही डॉक्सीची पातळी उतरते. दोन्ही गोळ्या आठवड्याच्या असतील तर त्यांचे वार वेगळे हवेत. कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांचेही तेच, त्यांत निदान दोन तासांचे अंतर हवे.

आता पाय. जाणीव तपासायला मोनोफिलामेंट (तळव्यावर टेकवायचा नायलॉनचा बारीक तंतू) सगळीकडे नसतो. असला तरी अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यावर घट्टे असतात आणि घट्ट्यावर टेकवलेला तंतू निरोगी माणसालाही जाणवत नाही. यावर इंग्लंडमधल्या इप्सविच रुग्णालयात तयार झालेली स्पर्शचाचणी फार सोयीची आहे. माणसाला डोळे मिटायला सांगायचे. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपले बोट एक-दोन सेकंद हलकेच टेकवायचे आणि डावा की उजवा ते त्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर जाणीव गेली असे धरायचे. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही. चुकते ते इथेच. उत्तर आले नाही की आपण दयेपोटी पुन्हा जोरात दाबतो, समोरचा ‘होय’ म्हणतो आणि कागदावर पाय निरोगी होतो. एका ठिकाणी एकदाच स्पर्श, हा नियम मोडायचा नाही.

ज्याची जाणीव गेली त्याने आवणात (लावणीच्या खाचरात) उतरू नये, हे पुस्तकातले उत्तर. घरात दुसरा हात नसेल तर तो उतरणारच. गमबूट सांडपाण्यात आणि गोठ्यात ठीक, पण लावणीच्या चिखलात ते रुततात. वरून पाणी आत शिरले की बधिर पाय दिवसभर त्यात उकडतो, घासतो आणि फोड येतो तो संध्याकाळपर्यंत दिसत नाही. म्हणून रोज घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने कोरड्या करणे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने तळवा उजेडात पाहणे, हे ठरवून करावे लागते. चौथ्या-पाचव्या बोटांमधली बेचकी आधी पाहावी, चिखल्या बऱ्याचदा तिथेच सुरू होतात. टाचेच्या भेगांना मुठेल (कोकमाचे तेल) लावावे, पण बेचकीत तेल-तूप काही नको, ओल धरून बुरशी वाढते. आणि गारठलेला बधिर पाय चुलीपुढे शेकायचा नाही. त्या भाजण्याच्या जखमा चिखलातल्या जखमांपेक्षा चिवट असतात.

ताप, पोटऱ्या ठणकणे आणि पू न येता डोळे लाल होणे असे एकत्र दिसले तर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घेऊ नये, ते मूत्रपिंडाला आणखी मारते. तापाला पॅरासिटॅमॉल पुरते. उलट्या होत असतील तर मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तशाच रेटायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. लेप्टोची आयजीएम ही रक्तचाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तिच्यासाठी उपचार अडवून ठेवायचे नसतात.

संशोधन व्हावे ते या सगळ्यावर. एका गटातल्या वाड्यांत नेहमीसारखी पट्टी वाटावी. दुसऱ्या गटातल्या वाड्यांत ठरलेल्या वारी, जेवणानंतर, परिचारिकेसमोर गोळी गिळवावी आणि त्याच वेळी मधुमेहींचे पाय पाहावेत. गोळी दोघांनाही मिळते, तेव्हा कुणाला वंचित ठेवण्याचा प्रश्न नाही. मोजायचे ते दोनच, किती आठवडे गोळी पोटात गेली आणि गणपतीपर्यंत किती पायांना नवी जखम झाली. घराघरांत चिठ्ठ्या टाकून गट पाडू नयेत. लावणीला सगळे एकमेकांच्या शेतावर जातात आणि एका घरात सांगितलेले संध्याकाळपर्यंत दहा घरांत पोचते. वाडी हाच एकक धरावा. पण त्याची किंमत मोजावी लागते. एका वाडीतून वीस माणसे घेतली आणि त्यांच्यातले आपसातले साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.05 धरले, तर घराघरांतल्या चिठ्ठ्यांपेक्षा नमुना 1.95 पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट लागतो. साठ माणसांत हे बसत नाही. चार-पाच विद्यार्थिनींनी मिळून एकच अभ्यास करावा आणि प्रत्येकीने त्यातला वेगळा प्रश्न घ्यावा. विद्यापीठाने अशा सामायिक प्रबंधांना वाट करून दिली पाहिजे.

वेळापत्रकही बदलावे लागेल. अशी चाचणी पहिला माणूस घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि त्याहीआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. जुलैची लावणी गाठायची तर प्रस्ताव निदान जानेवारीत समितीपुढे हवा. माहिती गोळा करायचे महिने नोव्हेंबर-डिसेंबरात पडले, तर भात कापून झालेले असते आणि खाचरे सुकलेली असतात.

आपल्या,
उपकेंद्रांत व नर्सिंग महाविद्यालयांत काम करणाऱ्या काही परिचारिका,
रत्नागिरी जिल्हा