मेकफाइलमधला एक कोलन दाखवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मेकफाइलपुढे (म्हणजे प्रोग्राम कसा तयार करायचा हे 'मेक' या साधनाला सांगणाऱ्या फाइलीपुढे) अडून बसलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

आमच्या जुन्या प्रोजेक्टच्या एकाच बिल्डमध्ये (म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करताना) दोन फाइलींवर वेगवेगळी वेळ छापली जायची. फरक काही सेकंदांचाच, पण टेस्टिंगवाले बिल्ड परत पाठवायचे. तुम्ही शेजारी येऊन बसलात, व्हेरिएबलच्या ओळीवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "ही व्हॅल्यू मेक काढतो केव्हा?"

व्हेरिएबलच्या ओळीत नुसतं = असेल तर ग्नू मेक उजवी बाजू जशीच्या तशी ठेवून देतो आणि ते नाव जिथे जिथे येईल तिथे ती नव्याने एक्सपांड करतो, म्हणजे नावाच्या जागी व्हॅल्यू भरतो. आमच्या ओळीत मेकच्या शेल फंक्शनमधून (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम) वेळ सांगणारी डेट कमांड चालायची, म्हणजे प्रत्येक वापराला वेळ वेगळी. := केलं की ओळ वाचतानाच व्हॅल्यू ठरते, ती एकदाच. तुम्ही कोलन टाकलात आणि दोन्ही फाइलींवर एकच वेळ आली. खालच्या ओळीत फाइंड कमांडने सोर्स फाइली शोधल्या जायच्या. तिथेही कोलन दिल्यावर बिल्डचा रेंगाळलेपणा गेला.

तरीही तुम्ही = ला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं. कंपायलरचे फ्लॅग फाइलीत पुढे कुठेतरी ठरणार असतील, तर उशिरा एक्सपांड होणंच सोयीचं.

सगळ्यात मोलाचं मात्र हे: टार्गेट (जे बनवायचं ते) आणि प्रीरिक्विझिट (त्यासाठी आधी लागणाऱ्या फाइली) मेक फाइल वाचतानाच एक्सपांड करतो, रेसिपी (ते बनवायच्या कमांड) मात्र ती चालवायच्या वेळी. म्हणून खाली बदललेलं व्हेरिएबल रेसिपीत नवं दिसतं आणि प्रीरिक्विझिटमध्ये जुनंच राहतं. हे कळल्यावर कितीतरी जुनी कोडी आपोआप सुटली. रेसिपीतल्या शेलच्या फॉर लूपला $$ का लागतो, तेही: $$ लिहिलं की मेक शेलला एक $ देतो. एकच डॉलर दिला, कंस नसला, तर मेक पुढचं एकच अक्षर नाव समजतो आणि शेलच्या हाती उरलेली अक्षरं पडतात.

तुमच्या कामातून वेळ काढून, न कंटाळता, प्रत्येक ओळ चालवून दाखवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. प्रीरिक्विझिट दुसऱ्यांदा एक्सपांड कसे करून घ्यायचे, ते मात्र अजून शिकायचंय. सवड असेल तेव्हा सांगा, मी येईन.

तुमची,
बिल्ड टीममधली धाकटी